लाल नाडी बांधलेलं पोतं

आंटी नवीन मालाला परकराची नाडी बांधायच्या. लाल, सुती, मरोळ गावातल्या दुकानातून गुंडाळीच्या गुंडाळी आणलेली. पोतं असो, डबा असो, बाटली असो, कारखान्याच्या स्टोअरमध्ये आली की आधी तिच्या गळ्यात नाडी. नाडी आहे तोवर त्या मालाला कुणी हात लावायचा नाही. शेठनीसुद्धा नाही. ओव्हनवाले हसायचे. "आंटी, आज कुणाची नाडी आणली?" असं विचारायचे. आंटी गाठ मारता मारता म्हणायच्या, "तुझ्या बायकोची. घरी जाऊन बघ."

मग त्या फोन घेऊन बसायच्या. ज्या कंपनीचा माल असेल तिला फोन, स्पीकरवर, आवाज एकदम शाळेतल्या बाईंसारखा. प्रश्न तीनच. कशापासून बनवलं? कुठे बनवलं? कशात विरघळवलं? समोरचा माणूस म्हणायचा, मॅडम, सगळे हेच वापरतात, आजवर कुणी विचारलं नाही. आंटी म्हणायच्या, "मी विचारते ना. लिहून पाठव." लिहून येईपर्यंत नाडी सुटायची नाही. एकदा लोण्याच्या वासाचा एक डबा दीड महिना नाडी बांधून कोपऱ्यात बसला होता. येताजाता आम्ही त्याला नवरदेव म्हणायचो.

आमचा कारखाना मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरचे दोन गाळे. एकात केक, स्विस रोल आणि टोस्ट भाजायचे, दुसऱ्यात पॅकिंग आणि स्टोअर. माल कुर्ला, साकीनाका, जोगेश्वरीच्या बेकऱ्यांना जायचा आणि त्यातल्या बऱ्याच बेकऱ्या मुसलमानांच्या. त्यांना मालात काही हराम नको असायचं. शेठ कितीही गोड बोलले तरी ते लोक शेवटी एकच विचारायचे, "बाईने देखा क्या?" बाईने बघितलंय म्हटलं की ऑर्डर. शेठ नाडीला कंटाळायचे पण आंटीला काही बोलायचे नाहीत, ते याचसाठी.

मी चंद्रपूरकडची. सातवीनंतर शाळा सुटली. एकोणिसाव्या वर्षी मावसबहिणीच्या मागे मुंबईला आले आणि काजूपाड्याला तिच्या माळ्यावर राहिले. गावाकडे परत गेले असते तर मामाने बघून ठेवलेला माणूस होता, दोन मुलांचा बाप. म्हणून मला नोकरी जायची फार भीती वाटायची. शेठ खोकले तरी मी उभी राहायची. कामावर लागताना मी दहावी पास सांगितलं होतं. कुणी दाखला मागितला नाही, पण आज मागतील, उद्या मागतील, अशी धास्ती कायम असायची.

आंटींना पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यांनी मला खायच्या रंगाची एक बाटली दिली आणि म्हणाल्या, "वाच." मी बाटली फिरवली, डोळ्यांजवळ नेली, ओठ हलवले. त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "अक्षर बारीक हाय गो. सगळ्यांना त्रास होतो." माझं खोटं त्यांनी बारीक अक्षरावर घातलं. दुसऱ्या दिवसापासून रोज जेवणाच्या सुट्टीत एक पाकीट. माझं इंग्रजी असं पाकिटांवरून आलं. दुसरी मुलं सफरचंद शिकली असतील, मी आधी 'कंटेन्स' शिकले.

गावाहून आले तेव्हा केकमध्ये पीठ, साखर, अंडी एवढंच असतं असं मला वाटायचं. असतं त्याहून पुष्कळ. फुलवायला एक, मऊ ठेवायला एक, बुरशी धरू नये म्हणून एक. पाकिटावर त्यांचे नंबर असतात. आंटी त्यांना गल्लीतल्या लोकांसारख्या ओळखायच्या. "एकशे वीस लाल रंग, किड्यापासून. नऊशे चार चमक, तोपण किडाच. नऊशे वीस कशापासून ते तुझं जेवून होऊ दे, मग सांगते." सगळ्यात जास्त राग चारशे एकाहत्तरवर. "हा बदमाश हाय. पाम तेलापासून पण होतो, चरबीपासून पण होतो. तोंड सारखंच. चरबी कुठल्या जनावराची, कसं कापलं, कोण सांगणार? कागदाशिवाय ह्याला घरात घ्यायचा नाय."

शेठनी एकदा हुज्जत घातली होती. व्हॅनिलाच्या इसेन्सची बाटली होती आणि तिच्यावर शाकाहारीचा हिरवा ठिपका होता. शेठ म्हणाले, "आंटी, हिरवा ठिपका आहे. आता काय पाहिजे?"

"हिरवा ठिपका जनावराचं सांगतो. दारूचं कोण सांगणार?"

"व्हॅनिलात दारू?"

"वास कशात विरघळवलाय ते बघा. स्पिरिट हाय. शाकाहारी माणसाला चालेल कदाचित, पॅकिंगच्या रुखसानाला नाय चालणार."

"अहो, थेंबभर पडतं. भट्टीत उडून जातं."

"उडतं ना? मग कंपनीला सांगा, उडतं असं लिहून द्या."

शेठनी ती बाटली परत पाठवली. जाताना एवढंच म्हणाले, "तुम्ही कुठल्या धर्माच्या आहात हेच मला कधीकधी कळत नाही."

आंटी ख्रिस्ती होत्या. मरोळच्या जुन्या गावठाणातल्या, घरी मराठी बोलणाऱ्या, रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या. गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा फ्रॉक, त्याला दोन मोठे खिसे, हातात पुरुषी घड्याळ. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं असं ओव्हनवाल्याने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माल आला होता. कागद नव्हता." लोक त्यांना चिडवायचे की आंटी, चर्चमध्ये पाद्री जो पावाचा तुकडा देतो, त्याचं विचारलं का कधी? त्या म्हणाल्या, "विचारलं. गहू आणि पाणी. दुसरं काय नाय." आणि त्या थट्टा करत नव्हत्या. कुणाच्या मयताला गेल्या तरी तिथल्या बिस्किटाचा पुडा उलटा करून वाचायच्या, मग रडणाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवायच्या.

मी एकदा विचारलं की आंटी, तुम्हाला तर यातलं सगळं चालतं, मग तुम्ही एवढं का बघता?

"मला चालतं म्हणूनच बघते. ज्याला चालत नाय त्याने डोळे मिटून खायला पाहिजे."

दुसऱ्या वेळी विचारलं तर वेगळंच सांगितलं. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस त्या मांस खायच्या नाहीत. तरुणपणी त्याच दिवसांत कुठल्यातरी ऑफिसात कुणी समोसा दिला होता, बटाट्याचा म्हणून. निघाला खिम्याचा. "अख्खा खाल्ला. मागून सांगितलं आणि सगळे हसले." मी म्हटलं, बाप्पा, मग? "मग काय? चांगला होता गो समोसा. तेच तर वाईट." असं म्हणून त्या पुन्हा भिंगाला डोळा लावून बसल्या. ही दोन्ही उत्तरं खरी असावीत. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक मालापुढे 'चालेल का' याचे तीन रकाने होते, 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही', आणि तिसरा रकाना सगळ्यात भरलेला. "माझ्या मते" असं कुणी म्हणालं की त्या भुवया वर करायच्या. "मत मतपेटीत टाक. इथे कागद दे."

स्टोअरच्या दाराशी एक पिवळा क्रेट ठेवलेला असायचा. भाजताना मोडलेला, वाकडा झालेला माल कामगारांनी घरी न्यायचा अशी पद्धत होती, पण आंटींनी कागद बघून सोडलेला मालच त्या क्रेटमध्ये जायचा. आमच्याकडच्या मुसलमान बायका फक्त त्यातलं घ्यायच्या. विचारायच्यासुद्धा नाहीत. येताजाता पिशवी भरायची की चालल्या. रुखसाना त्यांतली एक. ती पॅकिंगला माझ्या शेजारी बसायची. लातूरकडची, काजूपाड्यातच राहणारी, तोंडाची फटकळ. माझ्या बोलण्यातल्या 'जी'ची नक्कल करायची आणि माझा डबा रिकामा असला की स्वतःचा अर्धा माझ्यापुढे सरकवायची. मुंबईत माझी मैत्रीण म्हणावी अशी तीच.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. आंटींबद्दल लिहायचं म्हणून बसले आणि इतका वेळ नाडी आणि समोसाच सांगत राहिले, कारण त्यांचं चांगलं सांगणं सोपं आहे. माझं सांगायचं राहिलं आहे.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात आंटींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आठ दिवस सुट्टी. जाताना त्यांनी भिंग, रजिस्टर आणि स्टोअरचा मोबाईल माझ्यापुढे ठेवला. "तीन प्रश्न. कागद. मग नाडी. उलटं करायचं नाय." मी हो जी, हो जी करत होते. त्या दिवशी मी मावसबहिणीला सांगितलं की स्टोअर आता माझ्याकडे आहे. तिने नवऱ्याला सांगितलं. मी इतकी फुगले होते.

तिसऱ्या दिवशी केक फुलवायचं जेल संपलं. नेहमीच्या कंपनीकडे माल नव्हता आणि रमजानमुळे बेकऱ्यांची मागणी दुप्पट. शेठनी कुठूनतरी तीन पांढऱ्या बादल्या आणल्या. त्यांच्यावर ना नाव, ना ठिपका. मार्करने लिहिलेला एक नंबर आणि झाकणावर विकणाऱ्याचा फोन. जेल म्हणजे चारशे एकाहत्तरच. मी तिन्ही बादल्यांना नाडी बांधली आणि फोन केला. तो माणूस म्हणाला, मेसेज करा, लिहून देतो. मी आंटींनी शिकवलेले तीन प्रश्न पाठवले.

तासाभरात उत्तर आलं. मला वाटलं होतं एक ओळ येईल. आल्या आठ-दहा ओळी, सगळ्या इंग्रजीत. त्यात मला 'व्हेजिटेबल' दिसलं. 'ओरिजिन' दिसलं. 'ॲनिमल' पण दिसलं. मधले शब्द मला जोडता येईनात. पाकिटावर शब्द एकेक उभे असतात. इथे ते वाक्यात होते.

तेवढ्यात शेठ आले. मागे ओव्हनवाला. "आलं का उत्तर? भट्टी गरम करून ठेवलीय. काय म्हणतात?"

मोबाईलवर भाषांतर करता येतं हे मला माहीत होतं. पाच मिनिटं लागली असती. 'शेठ, मला हे नीट वाचता येत नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण दहावी पास बाई असं कसं म्हणेल? मी म्हटलं, "व्हेजिटेबल म्हणतात."

"झालं तर मग," शेठ म्हणाले. मी कात्रीने तिन्ही नाड्या कापल्या. आंटी कधी कापायच्या नाहीत, गाठ सोडवायच्या आणि नाडी गुंडाळून परत ठेवायच्या.

दुपारच्या चहाला मी जिन्यात जाऊन ते भाषांतर केलं. लिहिलं होतं असं: 'हा माल वनस्पतीपासूनच बनला आहे असे आम्ही खात्रीने सांगू शकत नाही. काही खेपांत प्राण्यांची चरबी असू शकते. कोणत्या प्राण्याची, याची नोंद आमच्याकडे नाही.'

वर भट्टीतून पहिले केक निघाले होते. जिन्यापर्यंत वास येत होता.

मी त्या 'असू शकते'ला धरून बसले. असू शकते म्हणजे नसूही शकते ना? नेमक्या याच खेपेत असेल कशावरून? असं मी मनाशी बोलत वर गेले. आंटींकडे दोन वर्षं बसलेली बाई मी. आणि मी मेसेज पुसून टाकला.

संध्याकाळी रुखसाना पिशवी घेऊन पिवळ्या क्रेटपाशी उभी राहिली. क्रेटमध्ये नव्या केकचे तुकडे मीच टाकले होते. रोज टाकायचे, त्या दिवशी टाकले नसते तर कुणीतरी विचारलं असतं. ती एरवी विचारायची नाही. त्या दिवशी विचारलं.

"आंटी नाहीत. तूच सांग बाई. घेऊ ना?"

"घे जी," मी म्हटलं.

"घे जी," तिने माझी नक्कल केली आणि पिशवी भरली. "अम्मीला दात नाहीत ना. रोजा सोडला की दुधात बुडवून हेच मागतात. खजुरानंतर केकच."

असं पाच दिवस चाललं. रोज ती पिशवी भरायची. रोज मी बघायची.

आंटी आल्या त्या काळा-हिरवा चष्मा लावून. आल्या आल्या बादल्यांकडे बोट केलं. "ह्याचा कागद?" मी म्हटलं, मेसेज आला होता, चुकून पुसला गेला. त्यांनी एक बादली पुढे ओढली. झाकणावरचा नंबर मला वाचायला लावला, फोन लावला, स्पीकरवर. नेहमीप्रमाणे. पॅकिंगच्या सगळ्या बायका तिथेच होत्या, रुखसानाच्या हातात पिशवी होती.

तो माणूस म्हणाला, "मॅडम, आम्ही त्याच दिवशी लिहून दिलं होतं. गॅरंटी नाही. चरबी असू शकते."

 रुखसानाने पिशवी खाली ठेवली. ठेवली म्हणजे हातातून सुटू दिली. मग माझ्याकडे बघितलं. शेठ दारात होते, त्यांनीही माझ्याकडे बघितलं. मी आंटींकडे बघत होते.

आंटींनी फोन बंद केला, चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, "माझी चूक. हिने मला घरी फोन केला होता. मी बोलले, सोड नाडी. डोळ्याला पट्टी होती, कागद बघितला नाय. हिचा काय दोष नाय."

मी तसा फोन केला नव्हता. शेठना ते माहीत असणार, 'व्हेजिटेबल म्हणतात' हे त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं होतं. पण घाई त्यांचीच होती, म्हणून तेही गप्प राहिले. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी खाली पडलेले केकचे तुकडे गोळा करायला बसले.

त्या दिवशी आंटींनी एकेका बेकरीला फोन करून माल परत मागवला. शेठ हात जोडत होते, आंटी, नुसतं परत मागवा, चरबीचं सांगू नका. आंटी सगळ्यांना सांगत होत्या, तेही स्पीकरवर. "होय, मीच सोडला. नाय, बघितलं नव्हतं." प्रत्येक फोनला हे खोटं त्या पुन्हा बोलत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज थोडा बसत होता. मी यादीवर खुणा करत होते.

दुसऱ्या दिवशी रुखसाना कामावर आली नाही. दुपारी आंटी म्हणाल्या, "रुखसानाच्या घरी जायचं. चल माझ्याबरोबर, मला पायरी दिसत नाय." काजूपाड्याच्या चढावर त्यांनी माझा दंड धरला होता. अर्ध्या वाटेत मी म्हटलं, आंटी, मी सांगते तिथे. त्या म्हणाल्या, "सांगशील तर सांग. मी तुला नको पण बोलणार नाय आणि हो पण बोलणार नाय." आणि मग थोड्या वेळाने, "तुला गावाला पाठवतील. माझं काय, माझं घर पाच मिनिटांवर हाय."

रुखसानाची सासू, जिला ती अम्मी म्हणायची, चटईवर भिंतीला टेकून बसली होती. घरात सगळ्यांचा रोजा, तरी पाहुणे म्हणून तिने आमच्यासाठी सरबत करायला लावलं. आंटींनी पेल्याला हात लावला नाही. मी मात्र अख्खा पेला पिऊन टाकला, त्या उपाशी बायकांसमोर. ते आठवलं की अजून मान वर होत नाही.

आंटींनी जे कारखान्यात सांगितलं तेच तिथे सांगितलं. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नकळत पोटात गेलं, त्याचा गुन्हा आमच्यावर नाही. अल्ला बघतो. पण बाई, शेजारच्या तीन घरांत मी हा केक वाटला. म्हटलं, खा, तिथे एक किरिस्ताव बाई आहे, ती बघितल्याशिवाय सोडत नाही. आम्ही तुमच्या नावावर खाल्लं."

"होय," आंटी म्हणाल्या.

"आता काय सांगू मी त्यांना?"

"सांगा, बाई खोटी निघाली."

रुखसाना दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी रिकाम्या पेल्याकडे बघत होते. आम्ही निघालो.

त्यानंतर 'बाईने देखा क्या' असं कुणी विचारलं नाही. दोन बेकऱ्या सुटल्या. ईद झाली आणि शेठनी आंटींना बोलावून सांगितलं, "आता डोळे सांभाळा. पुष्कळ केलंत." आंटींनी रजिस्टर माझ्या हातात दिलं. स्टोअर माझ्याकडे आलं, कायमचं. मावसबहिणीने पेढे वाटले. मी खाल्ला एक.

मी वर्षभर गप्प होते. आंटींचं घर कारखान्यापासून चालत पाच-सात मिनिटं, तरी मी रस्ता बदलून जायची. पुढचा रमजान तोंडावर आला तेव्हा मात्र राहवेना, एका रविवारी गेले. आंटी ओट्यावर बसल्या होत्या, समोर शेजारणीच्या औषधांच्या पट्ट्या. कॅप्सूलचं कवच कशाचं असतं, हे त्या शेजारणीला समजावत होत्या. ती बिचारी म्हणत होती, अगं, मला नुसतं ती जेवणाआधी घ्यायची का नंतर एवढंच सांग.

ती गेल्यावर मी सगळं सांगितलं. शब्द दिसले ते, जिना, मेसेज पुसला तो. रडलेही. आंटी रागावल्या, पण भलत्याच गोष्टीवर.

"मला कशाला सांगतेस? मला माहीत हाय. आणि मी ते खाल्लं पण नाय."

"माफ करा जी."

"ते राहू दे. त्याने लिहिलं होतं काय, नेमकं? 'असू शकते' लिहिलं का 'असते' लिहिलं?"

"असू शकते."

"बरोबर सांग. रडत सांगू नको."

"असू शकते, आंटी. काही खेपांत."

"मग तो 'माहीत नाही'मध्ये जातो. तू कुठे लिहिलंस?"

मी 'हो'मध्ये लिहिलं होतं. ते पान वर्षभर तसंच होतं. त्या म्हणाल्या, "उद्या जाऊन खोड. आणि रुखसानाला सांग."

"मला भीती वाटते."

"वाटणारच," असं म्हणून त्यांनी पट्ट्या गोळा करून फ्रॉकच्या खिशात टाकल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. चहा चांगला झाला होता.

रुखसानाला मी सांगितलं ते पॅकिंगच्या टेबलापाशी, ती खोकी घडी करत असताना. तिने ऐकलं. चार खोकी घडी केली, पाचवं उलटं घडी केलं, पुन्हा उघडलं.

"अम्मी थंडीत गेल्या," ती म्हणाली. ते मला माहीत होतं, मी मयताला गेले होते. "शेवटपर्यंत म्हणायच्या, एवढी वागायला चांगली बाई आणि खोटी निघाली. कुणाचा भरवसा धरू नये. तू तिथे बसली होतीस. सरबत पीत होतीस."

"हो."

"त्यांना सांगायचं होतं. मला सांगून आता काय करू मी?"

 तिने शेठना सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते मी विचारलं नाही, विचारायचा हक्क राहिला नव्हता. माझी नोकरी दोनदा वाचली ती अशी, दोन्ही वेळा दुसऱ्याच्या तोंडामुळे. माझ्या 'जी'ची नक्कल तिने त्या दिवसापासून बंद केली. डबा सरकवत नाही.

पण क्रेटमधला माल ती नेते. घरात दोन मुलं आहेत, मोठी मुलगी कॉलेजात जाते. संध्याकाळी रुखसाना माझ्या टेबलासमोर येते आणि हात पुढे करते. मी त्या दिवशीच्या मालाचे कागद तिच्या हातात देते, एकही न वगळता. तिलाही इंग्रजी येत नाही. ती एकेक कागद ट्यूबलाइटखाली सरळ धरते, फोटो काढते आणि मुलीला पाठवते. मुलगी लेक्चरला असली तर वेळ लागतो, कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. बाकीच्या बायकाही आता तिच्या मागे पिशव्या घेऊन थांबतात. माझ्या तोंडाकडे कुणी बघत नाही, सगळ्या रुखसानाच्या मोबाईलकडे बघतात. कुणीतरी म्हणतं, बस गं तू, किती उभी राहशील. मी बसत नाही. मुलीचं उत्तर येतं, रुखसाना ते मोठ्याने वाचते, आणि मग त्या क्रेटला हात लावतात.